जुने गोवे नीट पाहायचे असेल तर

गोव्याला आलेला मराठी माणूस जुन्या गोव्याला जातोच. बसमधून उतरतो, बॉम जेझूच्या रांगेत उभा राहतो, समोरच्या से कॅथेड्रलमध्ये एक फेरी मारतो आणि तासाभरात समुद्राच्या वाटेला लागतो. आमच्याकडे फोंड्याला मुक्कामाला येणारे पुण्या-कोल्हापूरचे पाहुणे असेच जाऊन येतात आणि रात्री जेवताना विचारतात, "चर्च मोठी आहेत, पण शहर कुठे होते?"

प्रश्न रास्त आहे. जुने गोवे ही एके काळची राजधानी. तिथली माणसे गेली, सत्ता गेली, घरांचे दगडसुद्धा गेले. मागे राहिली ती चर्च. शहर पाहायचे तर ते कुठे कुठे गेले त्याचा माग काढावा लागतो. राज्यकारभार आणि दगड पणजीला गेले. त्याआधी गोव्याच्या तिसवाडी, साष्टी आणि बारदेश या भागांतले देव खाड्या ओलांडून फोंडा आणि डिचोलीकडे गेले होते. म्हणून या लेखात मी जुने गोवे, पणजी आणि पलीकडची देवळे एकत्र घेतली आहेत. दोन पूर्ण दिवस हाताशी ठेवा. एकच दिवस असेल तर पहिल्या सात पायऱ्या करा आणि बाकीचे पुढच्या खेपेला ठेवा.

१. आधी गाव नक्की करा

गोव्यात जवळपास एकाच नावाची दोन गावे आहेत. वेल्हा गोवा म्हणजे जुने गोवे, मांडवीच्या काठावर, पणजीच्या पूर्वेला नऊ-दहा किलोमीटरवर. गोवा वेल्हा हे वेगळे गाव, पणजी-मडगाव महामार्गावर, जुवारीच्या बाजूला. फोनच्या नकाशावर घाईत बोट दाबले की लोक हमखास दुसऱ्या गावात जाऊन पोहोचतात. नकाशात 'बॉम जेझू बॅसिलिका' शोधा आणि बसमध्ये कंडक्टरला 'ओल्ड गोवा, गांधी सर्कल' सांगा, म्हणजे घोटाळा होत नाही.

मात्र गोवा वेल्हाही साधे गाव नाही. कदंब राजांची राजधानी गोपकपट्टण ती याच बाजूला, जुवारीच्या मुखाशी. कदंबांची त्याआधीची राजधानी चंद्रपूर, म्हणजे आजचे चांदर. अकराव्या शतकात त्यांनी आपला कारभार समुद्राच्या जवळ आणला आणि गोपकपट्टणाचे बंदर भरभराटीला आले. पुढे ते ओसरले आणि व्यापार मांडवीच्या काठी सरकला. पोर्तुगीज आले तेव्हा मांडवीकाठचे हे शहर विजापूरच्या आदिलशहाच्या ताब्यात होते आणि अरबस्तानातून येणाऱ्या घोड्यांच्या व्यापारावर पोसलेले होते. पोर्तुगिजांनी ते उभे केले, हा समज मनातून काढूनच इथे या. त्यांनी ते जिंकून घेतले.

२. दिवस आणि वेळ

रविवारी सकाळी जाऊ नका. ही चर्च चालती आहेत, रविवारी तिथे प्रार्थना असतात आणि त्या वेळी पर्यटकांना आत फिरता येत नाही. बॉम जेझू इतर दिवशी सकाळी साधारण नऊला उघडते, रविवारी साडेदहानंतर. शुक्रवारही टाळा, कारण पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय त्या दिवशी बंद असते आणि ते चुकवण्यासारखे नाही. उरलेल्या दिवसांपैकी कोणताही निवडा आणि साडेआठपर्यंत जुन्या गोव्यात पोहोचा. अकराच्या सुमारास किनाऱ्यांवरून सहलीच्या बसगाड्या येऊ लागतात. त्या वेळी तुम्ही टेकडीवर असलात तर गर्दीशी गाठच पडत नाही.

२४ नोव्हेंबरपासून धर्मप्रचारक सेंट फ्रान्सिस झेवियरची नोवेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, सुरू होते आणि ३ डिसेंबरला फेस्त, म्हणजे त्याचा सण, असते. तेव्हा सगळा गोवा इथे लोटतो. फेस्ताची फेरी म्हणजे जत्रा, खाज्यांची दुकाने, पहाटे चालत येणारे भाविक हे सगळे पाहायचे असेल तर जरूर या, मात्र त्या दिवशी स्थापत्य बघण्याची अपेक्षा ठेवू नका. झेवियरचे अवशेष दर दहा वर्षांनी खाली आणून दर्शनाला ठेवतात. मागचा सोहळा नोव्हेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात झाला. एरवी त्यांची पेटी बॉम जेझूमध्ये उंचावर असते आणि खालून पाहावी लागते. हे आधी माहीत नसल्याने पुष्कळ लोक हिरमुसतात.

पावसाळ्यात जुने गोवे फार सुंदर दिसते, पण जांभा दगडावर शेवाळ धरते. टेकडीवरच्या पडक्या भागात पाय जपून टाका.

३. सोबत काय हवे

- ओळखपत्र: आधार किंवा मतदार कार्ड. हॉटेलात मूळ कार्ड मागतात, फोनमधला फोटो सगळीकडे चालत नाही.
- वाहन भाड्याने घेणार असाल तर मूळ वाहन परवाना.
- खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे. चर्चमध्येही आणि देवळांतही. बिनबाह्यांचा सदरा आणि अर्धी चड्डी घातली असेल तर दारात अडवतात. एक ओढणी किंवा उपरणे पिशवीत असू द्या.
- सहज काढता-घालता येणाऱ्या पण पकड असलेल्या चपला. दुसऱ्या दिवशी देवळांत पायताण वारंवार काढावे लागते.
- सुट्टे पैसे. बसमध्ये आणि जत्रेतल्या दुकानांत लागतात.
- टोपी, पाणी आणि छोटी विजेरी. संग्रहालयात आणि चर्चच्या बाजूच्या अंधाऱ्या जागी कोरीव लेख वाचायला तिचा उपयोग होतो. मात्र वेदीवर किंवा प्रार्थना करणाऱ्यांवर उजेड पाडू नका.

चर्चमध्ये जायला तिकीट नाही. दारात कोणी प्रवेशाचे पैसे मागितले तर देऊ नका. संग्रहालयांना तिकीट आहे.

४. पोहोचायचे कसे

सगळ्यांत सोपी वाट पणजीच्या बसस्थानकावरून. जुन्या गोव्याच्या आणि फोंड्याच्या बस दिवसभर मिळतात. फोंड्याची बस बहुधा बगलमार्गाने जाते, म्हणून रायबंदरमार्गे जाणारी बस विचारून घ्या. त्यासाठी दहा मिनिटे थांबावे लागले तरी थांबा. पणजी सोडली की बस मांडवीच्या कडेने ज्या लांबलचक बांधावरून जाते, तो पोर्तुगीज व्हाइसरॉय काउंट ऑफ लिन्यारिस याने १६३० च्या दशकात बांधून घेतला. डाव्या हाताला खिडकी मिळाली तर नदी दिसत राहते आणि राजधानी या काठानेच पणजीकडे सरकली, हे कोणी न सांगताही कळते.

कोकण रेल्वेने येत असाल तर करमळी स्थानकावर उतरा. तिथून जुने गोवे अगदी जवळ आहे. बरेच जण मडगावचे तिकीट काढतात आणि तिथून उलटे येतात. सगळ्या गाड्या करमळीला थांबत नाहीत, एवढे तिकीट काढताना पाहा.

मुंबई-पुण्यातल्या टॅक्सीच्या ॲपवर विसंबू नका. गोव्यात गोवामाइल्स चालते, शिवाय काळ्या-पिवळ्या टॅक्सी आणि मोटारसायकलवरून प्रवासी नेणारे पायलट आहेत. पायलटशी भाडे बसण्याआधी ठरवा. स्कूटर भाड्याने घेणार असाल तर काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेलीच घ्या. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी कोणी स्वस्तात देऊ केली तरी नको म्हणा. पोलिसांनी अडवले तर दंड तुमच्या गळ्यात पडतो आणि अपघात झाला तर विम्याची अडचण येते.

५. सुरुवात नदीपासून

गांधी सर्कलला उतरलात की समोर दोन्ही मोठी चर्च दिसतात. त्यांच्याकडे पाठ करा आणि उताराने नदीकडे चालत सुटा. फेरीबोटीच्या धक्क्याशी पोहोचा आणि तिथून मागे वळा. हे शहर पाण्यावरून येणाऱ्यांसाठी मांडलेले होते. रस्त्याने येऊन मधूनच आत शिरले की ते समजत नाही.

धक्क्यावरून वर येताना पहिली लागते ती व्हाइसरॉयची कमान. वास्को द गामाचा पणतू फ्रान्सिस्को द गामा इथे व्हाइसरॉय होता. त्याने पणजोबाच्या स्मरणार्थ १५९९ च्या सुमारास ती उभारली. कमानीवर वास्कोचा पुतळा आहे. लिस्बनहून आलेला नवा व्हाइसरॉय जहाजातून उतरून या कमानीखालून शहरात पाऊल टाकी. आज दिसते ती कमान १९५४ मध्ये पुन्हा बांधलेली आहे. इथून सरळ आत जाणारा रस्ता हा शहराचा मुख्य बाजार, रुआ दिरेइता. घोडे, रेशीम, मसाले, चिनी भांडी यांचे लिलाव इथे होत. गुलामांचेही होत. आज दोन्ही बाजूंना माड आणि गवत आहे. इथे दोन मिनिटे थांबा आणि रस्त्याची रुंदी पाहा.

थोडे पुढे आल्यावर डावीकडे सेंट कॅजेटनचे चर्च आहे. रोमच्या सेंट पीटर्सचा नमुना समोर ठेवून थिएटाइन पंथाच्या इटालियन धर्मगुरूंनी ते सतराव्या शतकात बांधले. चर्च छान आहे, पण तुम्ही त्याच्या आवारातले दुसरेच काहीतरी पाहायला आला आहात. तिथे एक काळ्या दगडाची चौकट एकटी उभी आहे. दोन खांब, वर आडवी तुळई, बाजूला कोरीव जाळी. आदिलशहाच्या राजवाड्याचे हे दार. धाटणी इतकी देवळाची आहे की मराठी डोळ्याला ती लगेच ओळखू येते. वाडा पोर्तुगिजांच्या हाती गेला, त्यात आधी गव्हर्नर राहिले आणि १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन सुरू झाल्यावर धर्मन्यायासनाचा मुक्काम त्यात पडला. ते न्यायासन, मधला थोडा काळ वगळता, १८१२ पर्यंत चालले. नव्या ख्रिस्ती झालेल्यांनी घरात तुळस ठेवली, जुना सण पाळला, धोतर नेसले अशा गोष्टींवरून चौकश्या होत. सहलीच्या बसगाड्या या दाराशी थांबत नाहीत. माझ्या मते जुन्या गोव्यातला सगळ्यांत बोलका दगड हाच आहे.

या भागात रस्त्याच्या कडेला चौथऱ्यावर एक काळा खांबही आहे. लोक त्याला हातकातरो खांब म्हणतात. इथे शिक्षा दिल्या जात, अशी सांगी आहे. खांब कदंबकालीन देवळातला असावा असे मानले जाते. ठळक पाटी दिसली नाही तर आसपासच्या दुकानात विचारा.

६. कॅथरीनचे कपेल, से, संग्रहालय आणि बॉम जेझू

आता मोठ्या चर्चांकडे वळा, पण त्याआधी से कॅथेड्रलच्या पश्चिमेला असलेले सेंट कॅथरीनचे कपेल, म्हणजे छोटे प्रार्थनाघर, पाहून घ्या. पोर्तुगीज सेनानी अफोंसो द आल्बुकेर्कने १५१० मध्ये गोवा दोनदा घेतला. पहिल्यांदा घेतलेला आदिलशहाने दोन-तीन महिन्यांत परत मिळवला. दुसऱ्यांदा तो पडला २५ नोव्हेंबरला, सेंट कॅथरीनच्या सणादिवशी. शहराचा दरवाजा होता त्या जागी आल्बुकेर्कने हे कपेल बांधले आणि पुढे ते वाढवले गेले. कॅथेड्रलही कॅथरीनच्याच नावाचे आहे, त्याचे कारण हे.

से कॅथेड्रलचे काम १५६२ मध्ये सुरू झाले आणि मुख्य इमारत १६१९ मध्ये पूर्ण झाली. समोरून पाहिलेत तर उजवीकडचा मनोरा नाही. तो १७७६ मध्ये कोसळला आणि पुन्हा बांधलाच नाही, कारण तोवर या शहरात खर्च करावा असे कोणी उरले नव्हते. उरलेल्या मनोऱ्यात सोन्याची घंटा म्हणून ओळखली जाणारी प्रचंड घंटा आहे. आत मुख्य वेदीवर सोनेरी चौकटींत कॅथरीनच्या आयुष्यातले प्रसंग कोरले आहेत. आधी मागच्या बाकावर बसून सगळी वेदी एकत्र पाहा, मग जवळ जा.

शेजारचे सेंट फ्रान्सिस ऑफ असिसी हे चर्च आता प्रार्थनेसाठी वापरात नाही, त्यामुळे तिथे निवांत फिरता येते. पायाखाली पाहत चाला. जमीन थडग्यांच्या शिळांनी भरलेली आहे, त्यांवर घराण्यांची चिन्हे आणि लेख आहेत. त्याला लागून असलेल्या मठात १९६४ पासून पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय आहे. तळमजल्यावर कदंब आणि विजयनगर काळातल्या मूर्ती, सतीशिळा आणि वीरगळ मांडले आहेत. जहाजांची लढाई कोरलेला वीरगळ शोधाच. महाराष्ट्रात आपण घोडेस्वारांचे आणि गाई राखणाऱ्यांचे वीरगळ पाहतो. इथे वीर नावेत आहेत. वरच्या मजल्यावर गव्हर्नर आणि व्हाइसरॉयांची चित्रे ओळीने लावली आहेत. तिथे फार वेळ घालवला नाही तरी चालेल.

मग रस्ता ओलांडून बॉम जेझू. जेझुइट पंथाच्या धर्मगुरूंनी १५९४ मध्ये काम सुरू केले आणि १६०५ मध्ये ते वापरात आले. दर्शनी भिंत उघड्या जांभ्याची आहे. मुळात त्यावर गिलावा होता, १९५० च्या दशकात तो काढला. दिसायला ती देखणी आहे, पण जांभा पावसात झिजतो आणि म्हणूनच गिलावा परत करावा का, यावर गोव्यात अजून वाद चालतो. भिंतीला हात घासत चालू नका.

झेवियर १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर वारला आणि त्याचा देह १५५४ मध्ये गोव्यात आणला. चांदीची पेटी १६३० च्या दशकात गोव्याच्याच सोनारांनी घडवली. तिच्यावरचे बारीक काम पाहिले की देवळातली प्रभावळ आठवते. खालचा संगमरवरी चौथरा मात्र फ्लॉरेन्सचा. टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो याला झेवियरच्या डोक्याखालची उशी भेट मिळाली, त्याची परतफेड म्हणून त्याने हा चौथरा जोवान्नी बात्तिस्ता फोज्जिनीकडून करवून १६९८ मध्ये पाठवला. चौथऱ्यावरचे ब्राँझचे फलक बाजूने वाकून पाहा.

या पेटीशी मराठ्यांच्या इतिहासाचा एक धागा आहे. १६८३ च्या नोव्हेंबरमध्ये संभाजी महाराजांच्या फौजेने जुन्या गोव्यासमोरच्या जुवे बेटावरचा किल्ला घेतला. शहर हातचे जाणार अशी वेळ आली. तेव्हा व्हाइसरॉय काउंट ऑफ आल्व्होर याने ही पेटी उघडवली आणि आपला अधिकारदंड झेवियरच्या हाती ठेवून शहर राखण्याची विनवणी केली. त्याच सुमारास उत्तरेकडून मोगल फौजा उतरल्या आणि महाराजांना माघारी वळावे लागले. रांगेत उभे असताना मुलांना ही गोष्ट सांगा.

दोन सूचना. पेटीजवळ 'ममी' वगैरे शब्द मोठ्याने बोलू नका. गोव्याच्या ख्रिस्ती माणसासाठी तो 'गोंयचो सायब' आहे आणि कितीतरी हिंदू घरांतूनही त्याला नवस बोलले जातात. आणि दारात घोळका करणाऱ्या प्रत्येकाला गाइड समजू नका. ओळखपत्र पाहा, भाषा आणि पैसे आधी ठरवा.

७. टेकडी चुकवू नका

बॉम जेझूपासून पश्चिमेला चढ लागतो. त्याला मोंते सांतो म्हणतात. बहुतेक सहली इथे येतच नाहीत, आणि मला विचाराल तर जुन्या गोव्याचा जीव इथे आहे.

सेंट ऑगस्टीनच्या चर्चचा साधारण ४६ मीटर उंचीचा जांभ्याचा मनोरा दुरून दिसतो. हे चर्च सतराव्या शतकाच्या आरंभी पूर्ण झाले. १८३०च्या दशकात पोर्तुगाल सरकारने धर्मसंघ बरखास्त केले, मठ ओस पडले. १८४२ मध्ये छत कोसळले, १९३१ मध्ये दर्शनी भाग पडला. आज आत उभे राहिले की भिंतींच्या उंचीवरून मूळ इमारतीचा अंदाज येतो. वेदीच्या जागा, थडग्यांच्या शिळा, काही भिंतींवर अजून टिकलेल्या रंगीत फरश्या. त्या फरश्यांना बोट लावू नका, त्या सुटतात.

इथे सापडलेल्या एका हाडाची हकीकत आश्चर्य वाटावी अशी आहे. जॉर्जियाची राणी केतेवान १६२४ मध्ये इराणात शिराझला मारली गेली. ऑगस्टिनियन धर्मगुरूंनी तिचे अवशेष गोव्याला आणल्याचे जुन्या कागदांत होते. पुरातत्त्व खात्याने त्या आधाराने इथे खोदकाम केले, हाड मिळाले आणि हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतल्या डीएनए तपासणीने त्याला दुजोरा दिला. २०२१ मध्ये भारताच्या परराष्ट्रमंत्र्यांनी ते अवशेष जॉर्जियाला सुपूर्द केले.

मनोऱ्याच्या समोर सांता मोनिकाचा मठ आहे, सतराव्या शतकातला, ख्रिस्ती जोगिणींसाठी बांधलेला. त्यातले ख्रिस्ती कलेचे संग्रहालय नव्याने मांडलेले आहे. गोव्याच्या कारागिरांनी ख्रिस्ती मूर्ती घडवताना आपली कमळे, आपले नाग आणि आपले दागिने कसे आणले, ते एकेका वस्तूत दिसते. हस्तिदंती मूर्तींसमोर रेंगाळा.

टेकडीच्या टोकाला 'अवर लेडी ऑफ द रोझरी', म्हणजे रोझरीच्या सायबिणीचे चर्च आहे, सोळाव्या शतकाच्या मध्यावर बांधलेले. आल्बुकेर्कने १५१० ची लढाई या उंचवट्यावरून पाहिली असे सांगतात. किल्ल्यासारखे जाड गोल बुरूज आणि भिंतींवर दगडात कोरलेले जहाजाचे दोर. चर्च बंद असले तरी आवारात जा. खाली मांडवी आणि पलीकडे दिवाडी बेट दिसते.

इथेच बसून शहर का ओसरले ते समजून घ्या. साथी वारंवार येत. कॉलरा, मलेरिया. विहिरींचे पाणी दूषित होई, नदीत गाळ साचत गेला. डचांनी व्यापार हिसकावला. १७५९ मध्ये व्हाइसरॉयने आपला मुक्काम पणजीला हलवला आणि १८४३ मध्ये पणजीला राजधानीचा दर्जा मिळाला. मागे राहिलेल्या घरांचे चिरे पणजीच्या बांधकामाला नेले गेले.

८. पणजी

दुपारी जेवण पणजीत घ्या. मार्केटजवळच्या साध्या खाणावळीत नुस्त्याची, म्हणजे मासळीची, थाळी किंवा शाकाहारी असाल तर खतखते मिळते का विचारा. साडेतीननंतर चालायला लागा.

आदिलशहा पॅलेस नदीकाठी आहे. मुळात आदिलशहाचा वाडा, १७५९ पासून व्हाइसरॉयचे निवासस्थान, मुक्तीनंतर सचिवालय आणि विधानसभा. शेजारी आबे फारियाचा पुतळा आहे. कांदोळीत १७५६ मध्ये जन्मलेला हा गोमंतकीय धर्मगुरू पॅरिसमध्ये संमोहनाच्या अभ्यासासाठी गाजला.

तिथून वर चढत आल्तिनो टेकडीच्या पायथ्याचे चर्च. त्याच्या मनोऱ्यातली घंटा सकाळी पाहिलेल्या ऑगस्टीनच्या मनोऱ्यातली आहे. आधी ती आग्वादच्या दीपगृहात होती, १८७१ मध्ये इथे आली. पायऱ्यांवर उभे राहून फोटो काढण्याची झुंबड असते, पण वर मान करून घंटेकडे क्वचितच कोणी पाहतो.

नंतर फोंताइन्यास आणि मळा या जुन्या वस्त्या. रंगीत घरे, अरुंद गल्ल्या, टोकाला झरा. लोकांची राहती घरे आहेत ही. पायऱ्यांवर बसू नका, खिडकीतून कॅमेरा आत नेऊ नका, कपडे बदलून फोटो काढायला तर मुळीच येऊ नका. रहिवासी कंटाळले आहेत आणि त्यांचे बरोबर आहे. सेंट सेबॅस्टियनचे कपेल उघडे असेल तर आतला क्रूस पाहा. तो इन्क्विझिशनच्या वाड्यातून आलेला आहे आणि त्यावरच्या येशूचे डोळे उघडे आहेत. तिथून पुढे मळ्याच्या टेकडीवर मारुतीचे देऊळ. संध्याकाळी तिथून खालची सगळी कौले दिसतात.

९. दुसरा दिवस: बाणस्तारी ओलांडा

पणजीहून फोंड्याची बस धरा. जुने गोवे मागे टाकले की सेंट पॉल कॉलेजची एकटी उरलेली कमान रस्त्याच्या कडेला दिसते. भारतातले पहिले छापखान्याचे यंत्र १५५६ मध्ये याच कॉलेजात लागले. बस धावती असते, म्हणून आधीपासून लक्ष ठेवा.

मग बाणस्तारीचा पूल येतो. सोळाव्या शतकात या खाडीपर्यंत पोर्तुगिजांचे राज्य आणि पलीकडे आदिलशहाचा मुलूख होता. अलीकडची देवळे पाडली जाऊ लागली तेव्हा लोकांनी देव उचलून पलीकडे नेले. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला आला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला. काल पाहिलेल्या चर्चांच्या काळातली ही दुसरी बाजू आहे, म्हणून ही देवळे त्यांच्या पाठोपाठ पाहावीत. मंगेशी आणि म्हार्दोळ एकाच रस्त्यावर, चालत जाण्याइतके जवळ आहेत. कवळ्याला फोंड्याहून जावे लागते. घुमट, दीपमाळ, दालनातले झुंबर पाहा. चर्च बांधणाऱ्या हातांनी देवळेही बांधली, हे आपोआप लक्षात येते. दुपारी देवळांत महाप्रसादाची व्यवस्था असते, मात्र सकाळी कार्यालयात नाव देऊन ठेवावे लागते.

१०. वेळ उरली तर दिवाडीमार्गे नार्वे

ज्याला इतिहासाची ओढ आहे त्याने हे करावेच. जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून दिवाडीची फेरीबोट धरा. पायी माणसाला पैसे नाहीत. बेटावर चालणे लांब पडते, म्हणून स्कूटर असेल तर उत्तम. पिएदादच्या टेकडीवर चर्चच्या दफनभूमीत एक छोटे कपेल आहे आणि त्याचे छत कदंबकालीन कोरीव दगडाचे आहे.

कदंबांचे कुलदैवत सप्तकोटीश्वर दिवाडीवर होते. सोळाव्या शतकात ते देऊळ पाडले गेले आणि देव पलीकडे डिचोलीतल्या नार्व्याला गेला. शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार केला. दारावरच्या लेखात शके १५९० कोरले आहे. अलीकडे देवळाची डागडुजी झाली आहे. बेटाच्या उत्तर टोकावरून नार्व्याची फेरीबोट मिळते, तिथून देऊळ जवळ आहे.

परतताना त्याच वाटेने येण्याचा हट्ट धरू नका. संध्याकाळी फेरीबोटीच्या खेपा विरळ होतात आणि बेटावर वाहन मिळत नाही. नार्व्याहून डिचोली गाठा, तिथून पणजीच्या आणि म्हापशाच्या बस मिळतात. सातच्या आत डिचोलीच्या बसस्थानकावर पोहोचलात तर पुढची चिंता नाही.